दगडाबाईची हाळी

ऑइल इंजिन उसाच्या वजनकाट्यावर तोललं गेल्याचं आख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच उदाहरण आहे आणि ते निमगाव केतकीच्या अप्पा सरवद्यांच्या नावावर आहे. तसं अप्पांच्या नावावर दुसरंही बरंच काही होतं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्कपर्यंत चढत गेलेली नोकरी, गावात स्लॅबचं घर, फाटकावर 'प्रज्ञा' अशी संगमरवरी पाटी, आणि जन्मात कुणाला शिवी दिली नाही असा लौकिक. कालव्याच्या पाण्यावरून माणसं एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरत कचेरीत शिरायची, तेव्हा अप्पा चष्मा पुसत म्हणायचे, "आपण लेखी द्यावं." या एका वाक्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली. हा लौकिक पुढं बारामतीत भर सभेत पार धुळीला मिळायचा होता. पण आधी दगडाबाई.

दगडाबाई म्हणजे कुणी बाई नव्हे. ते पिठाच्या गिरणीचं इंजिन. अप्पांच्या वडलांनी, म्हणजे तात्यांनी, धम्मदीक्षा घेऊन आल्यावर अंगात नवं वारं होतं तेव्हा आणलेलं. दोन्ही बाजूंना छातीएवढी बिडाची चाकं, मधे गुरगुरणारं पोट आणि वर उभं धुराडं. थंडीच्या दिवसांत सकाळी दगडासारखं गार पडून राहायचं, म्हणून तात्यांनीच ते नाव ठेवलं. धुराड्याच्या तोंडावर तात्यांनी साखळीनं एक पितळी वाटी पालथी लटकवली होती. इंजिन चालू झालं की धुराच्या दर दणक्याला वाटी उडायची आणि परत पडायची. पुक्-टण्ण, पुक्-टण्ण. गिरणी सुरू झाली हे घरोघरच्या बायकांना त्या आवाजावरून कळायचं. "दगडाबाईनं हाळी दिली" म्हणत त्या दळणाचे डबे डोक्यावर घ्यायच्या. वारा बरोबर असला तर ही हाळी इंदापुरात ऐकू जायची असं निमगावकर सांगतात. निमगावकरांना वाऱ्याचं पाठबळ कधी कमी पडलेलं नाही.

आता हाळी दिली म्हणून सगळं गाव लगेच आलं असं मात्र नाही. गावात आणखी एक गिरणी होती, आणि सरवद्यांच्या गिरणीत पीठ बाटतं असं समजणारी शहाणी माणसं तेव्हा पुष्कळ होती. मग एका दिवाळीला, ऐन करंज्यांच्या तोंडावर, त्या गिरणीचा पट्टा तुटला. गाव दोन दिवस विचारात पडलं. तिसऱ्या दिवशी सारजा नावाची एक चुणचुणीत पोर, घरात कुणाला न विचारता, गव्हाचा डबा घेऊन दगडाबाईपुढं येऊन उभी राहिली. तिच्यामागं दुपारपर्यंत रांग लागली. करंजीपुढं भल्याभल्यांचा धर्म टिकत नाही, असं अप्पांच्या आई चतुराबाई सांगायच्या, आणि सांगून झालं की तोंडाला पदर लावून हसायच्या.

पुढं विजेवरच्या गिरण्या आल्या, तात्या गेले, गिरणी बंद पडली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दगडाबाईच्या चाकाआड कोंबड्या अंडी घालू लागल्या. सत्याण्णव साली अप्पा निवृत्त झाले आणि त्यांच्या सौभाग्यवती ज्योत्स्नाबाईंनी शेडकडे बोट केलं.

"अहो, आता तरी ते लोखंड हलवा. मला तिथं मोपेड लावायचीय."

शेजारचे मोहनराव, एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, सल्ला द्यायला कुंपणावर हजरच असत. "अप्पासाहेब, भंगारात घाला," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच हातात पेपर घेऊन आले. "भंगारात घालू नका! हितं वाचा. बारामतीत जुन्या यंत्रांचं संग्रहालय निघतंय. दान द्या. भंगारात घातलं तर पैसं मिळत्यात, दान दिलं तर पाटी लागती. संगमरवरी!"

संगमरवरी म्हटल्यावर अप्पा विरघळले. पण दगडाबाईची खरी मालकीण आत बसली होती. चतुराबाई जोंधळे पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आये, तिथं तिला रंग देतील. काचेत ठेवतील. लोक बघायला येतील," अप्पांनी समजावलं.

"मयताला बी लोकं बघाया येत्यात," चतुराबाई म्हणाल्या. "माझी दगडाबाई मढं हाय व्हय? दे तिला, मी न्हाय म्हनत न्हाय. पर ज्या दिवशी मांडशील त्या दिवशी तिनं हाळी दिली पायजे. माझ्या कानांनी ऐकीन मी. न्हाय दिली, तर तिला माघारी आनीन, आन ह्याच शेडात ठिवीन. मग बायकूची गाडी तुझ्या उशाला लाव."

अप्पांनी मान डोलावली. हेडक्लार्कची मान ती. वरिष्ठांनी काही म्हटलं की आपोआप डोलायची. आपण कशाला हो म्हटलं हे त्यांना पुष्कळ उशिरा कळलं.

संग्रहालयाचे संस्थापक विजयसिंह हे निवृत्त इंजिनिअर. इंदापूर रस्त्यावरचं गुळाचं एक रिकामं गोडाऊन त्यांच्या मेव्हण्यानं दिलं होतं आणि त्यात त्यांनी मोटा, चरक, छापखान्याची यंत्रं, शिवणयंत्रं, एक वाफेचा बंब असा संसार मांडला होता. त्यांचे नियम मात्र सासुरवासाचे. अर्जात 'यंत्राचे वय', 'पूर्वीचे आजार', 'स्वभाव' असे रकाने होते. अप्पांनी स्वभावापुढं 'मितभाषी' असं लिहिलं. शेवटची अट अशी होती, की जो यंत्र देईल त्यानं दर शनिवारी येऊन त्याची सेवा करायची आणि लोकांना माहिती सांगायची.

"पोरगी दिली म्हणजे बापाची सुटका झाली असं समजू नका, सरवदेसाहेब," विजयसिंह म्हणाले. "दर आठवड्याला विचारपूस करायला यायचं."

आता वजनकाट्याचं. दगडाबाई न्यायला अप्पांनी संभाजीचा ट्रॅक्टर ठरवला. संभाजी हा गल्लीतलाच तरणाबांड गडी. हंगामात त्याच्या ट्रॉलीनं उसाशिवाय दुसरं काही वाहिलेलं नव्हतं. दगडाबाईला ट्रॉलीत चढवलं, चक्की चढवली, आणि रस्त्यात धुळीनं खराब होऊ नये म्हणून ज्योत्स्नाबाईंच्या सूचनेवरून वरून उसाच्या पाचटाचं पांघरूण घातलं. मोहनरावांनी शिट्टी मारून गाडी सोडली. एसटीत असतानाची सवय; गाडी त्यांनी शिट्टी मारल्याशिवाय हलत नसे.

अप्पा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले होते. दुपारचं ऊन, इंजिनाची घरघर. त्यांना डुलकी लागली. संभाजीलाही जवळपास लागलीच होती म्हणायची, कारण वाटेत साखर कारखान्याचा फाटा आला तेव्हा त्याच्या हातांनी स्टेअरिंग आपोआप वळवलं. बैल गोठ्याकडं वळावा तसा ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. अप्पांना जाग आली तेव्हा पुढं उसाच्या गाड्या, मागं उसाच्या गाड्या, आणि सगळीकडं मळीचा वास.

"संभाजी! हे कुठं आणलंस?"

संभाजीनं डोळे चोळले. "आयला! अप्पा, हात शिकल्यालं हायत हो. त्यांचं त्यांनीच वळलं."

"मग आता माघारी वळव!"

"माघारी? मागं बगा की. पार वढ्यापतूर लाइन हाय. हितनं आता एकच वाट, काट्यावरनं म्होरं."

आणि ते खरंच काट्यावर चढले. काट्यावरच्या बाबूनं मान वर केली नाही. पाचट दिसलं, सभासद दिसला, वजन दिसलं, पावती फाडली. वजन बघून तेवढा एकदा थबकला. "संभाजीराव, ऊस जरा वजनदार दिसतोय."

"औंदा खत चांगलं पडलं," संभाजी म्हणाला. अप्पांनी त्याला कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

पुढं गव्हाणीपाशी, जिथं ऊस मशिनीत ओततात तिथं, मुकादमानं पाचट उचललं आणि त्याची बिडी गळून पडली.

"ही काय भानगड?"

"हे पिठाच्या गिरणीचं इंजिन आहे," अप्पा शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले. "चुकून वजन झालं. आम्हाला बाहेर जाऊ द्या."

"वजन झालं ना? मग भाईर कसं जाईल? काट्यावर चढलं ते गाळपाला गेलंच पायजे. न्हायतर हिशोब जुळायचा कसा?"

अप्पा आयुष्यभर हीच भाषा बोलत आले होते. ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कशी लागते हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घसा खाकरून ते म्हणाले, "आपण लेखी द्यावं." मुकादम वरच्या साहेबाकडं गेला, साहेब त्याच्या वरच्याकडं गेला, आणि अप्पा दगडाबाईच्या उशाशी बसून राहिले. गव्हाणीत उसाच्या मोळ्या कडाकडा मोडत होत्या. त्या आवाजात दगडाबाई सासरी निघालेल्या मुलीसारखी पाचटाखाली गप्प होती. शेवटी वरून शेरा आला, 'वरील ऊस गाळपास अयोग्य, सबब परत.' त्या एका ओळीवर दगडाबाईचे प्राण वाचले. पण काट्यावरचं वजन मात्र कुणीच खोडलं नाही. पुढं त्या साली एकरी उत्पादनात संभाजीचा नंबर आला आणि फेटा बांधून त्याचा सत्कार झाला. बक्षिसाचा फवारणी पंप घेताना त्यानं भाषणात सांगितलं, "जमिनीत लोखंडाचं प्रमान चांगलं पायजे."

शनिवारची सेवा सुरू झाली. खिशावर 'मार्गदर्शक' असा बिल्ला लावून अप्पा दगडाबाईशेजारी उभे राहू लागले. विजयसिंहांनी तिला खोलून, पुसून, लाल-काळा रंग देऊन चक्कीसकट ओट्यावर बसवलं होतं, पट्टासुद्धा होता तसा चढवला होता. "अर्धं यंत्र म्हणजे अर्धा माणूस," असं त्यांचं मत. उद्घाटन व्हायचं होतं, तरी शाळांच्या सहली यायच्या. एकदा पणदऱ्याच्या शाळेतल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, हे तुम्ही चालवलंय का?"

"म्हणजे काय!" अप्पा म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. वास्तविक तात्यांनी अप्पांना दगडाबाईला कधी हात लावू दिला नव्हता. "माझं हात काळं झालं तेवढं बास," ते म्हणायचे. "तुला काळं व्हायचंच आसंल तर शाईनं हो." अप्पा शाईनंच काळे झाले. पण ते 'म्हणजे काय' विजयसिंहांनी ऐकलं होतं. पुढच्या शनिवारी दगडाबाईच्या ओट्यावर खरंच संगमरवरी पाटी लागली, 'दाते व कुशल चालक: श्री. अप्पा सरवदे'. आणि त्यापुढच्या शनिवारी उद्घाटनाच्या पत्रिका छापून आल्या. त्यात प्रमुख पाहुण्यांच्या नावाखालीच, 'दात्याच्या हस्ते दगडाबाईचे प्रात्यक्षिक'.

"आधी एकदा चालू करून बघू का?" अप्पांनी चाचरत विचारलं.

"छे! पहिला मान तुमचा, आणि तोही सगळ्यांसमोर," विजयसिंह म्हणाले. "मी सगळं तपासलंय. फक्त हँडल मारायचं. तुमचा तर हातचा मळ."

घरी येऊन अप्पांनी सराव आरंभला. हँडल मारण्यासारखी वस्तू घरात एकच, आइस्क्रीमचा पॉट. चैत्र-वैशाखाचे दिवस, अप्पा रोज सकाळी धोतर खोचून पॉट फिरवायचे. वेग वाढवत वाढवत न्यायचा, मग एकदम सोडायचा. गल्लीतली पोरं आंब्याचं आइस्क्रीम खाऊन बाळसं धरू लागली. मोहनराव कुंपणावरून वाटी पुढं करत सल्ला द्यायचे, "अप्पासाहेब, खांद्यातनं जोर येऊ द्या. आन जरा वेलची वाढवा."

ज्योत्स्नाबाई एकदा म्हणाल्या, "अहो, सरळ सांगून टाका ना, की तुम्ही ते कधी चालवलं नाही."

"पाटी लागलीय," अप्पा म्हणाले, आणि पॉट फिरवू लागले.

चतुराबाई ओट्यावर बसून सगळं बघत होत्या. त्यांनी फक्त एवढंच केलं. फडताळात मागं हात घालून कसलं तरी गाठोडं काढलं आणि आपल्या पिशवीत ठेवलं.

उद्घाटनाला वैशाखाचं ऊन गोडाऊनच्या पत्र्यावर तापत होतं. आत घातलेला मंडप भरला होता. पुण्याहून मोठे सरकारी अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. निमगावाहून मोहनराव, संभाजी, अर्धी गल्ली. चतुराबाई पहिल्या रांगेत, पांढरी साडी, मांडीवर पिशवी. पाहुण्यांनी "यंत्रयुग" हा शब्द उच्चारला आणि लाईट गेली. माईक मुका झाला, पंखे थांबले. "सकाळपासनं तिसऱ्यांदा," मागून कुणीतरी म्हणालं. पाहुणे घामानं निथळत बसले. विजयसिंह हात उंचावून म्हणाले, "हरकत नाही! ज्यांना वीज लागत नाही अशा पाहुण्या आपल्याकडं आहेत. सरवदेसाहेब, या!"

अप्पा उठले. पांढरा शर्ट, बिल्ला, कपाळावर घाम. दगडाबाईपुढं उभे राहिले तेव्हा त्यांना वाटलं, ही आपल्याकडं बघतेय. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, चुकून तिलाही केला, आणि हँडल धरलं.

पहिल्यांदा चाक जरासं हललं आणि थांबलं. दुसऱ्यांदा अर्धं फिरलं, आतून कुणीतरी ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि हँडलनं असा उलटा झटका दिला की अप्पा दोन खुर्च्या मागं जाऊन पाहुण्यांच्या मांडीवर बसले. "माफ करा," अप्पा म्हणाले. "बसा, बसा," पाहुणे गोंधळून म्हणाले. विजयसिंहांनी इंग्रजी पुस्तक उघडलं. संभाजीनं बाह्या सरसावल्या, पण विजयसिंहांनी नियम सांगितला: दात्याच्या हस्तेच. मोहनराव ओरडले, "खांद्यातनं, अप्पासाहेब! आइस्क्रीम आठवा!" मंडपात हशा पिकला. अप्पांनी पुन्हा धरलं, पुन्हा फिरवलं. दगडाबाई दगडासारखी.

अप्पांनी पहिल्या रांगेकडं पाहिलं. आईनं पिशवी काखेला मारली होती आणि संभाजीला विचारत होती, "तुझा ट्राक्टर कुठं लावलाय?" तिचा निकाल लागला होता. ती दगडाबाईला घेऊन निघाली होती.

"आये, थांब!" अप्पांचा आवाज फुटला. "काय करू मी? सगळं बरोबर आहे, तरी ही उठत नाही."

चतुराबाई वळल्या. लेकाकडं पाहिलं. त्या शर्टाकडं, त्या बिल्ल्याकडं. मग आख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शिवी दिलीस का तिला?"

पाहुणे खुर्चीत पुढं सरकले.

"शिवी?"

"तुझा बाप सकाळी काय म्हनायचा ते ठावं न्हाय व्हय तुला? भिताडापलीकडं आब्यास करत बसायचास, ऐकलं न्हाईस कदी? हातजोडणी करून उठायची जात न्हाय तिची. दे शिवी."

अप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. समोर सरकारी अधिकारी, समोर बायका, समोर शाळेच्या मुली. त्यांनी हँडल धरलं आणि हळूच म्हणाले, "हे बरं नाही हं."

"हिला काय नोटीस द्यायलायस का!" चतुराबाई कडाडल्या.

"नालायक!" अप्पा जरा मोठ्यानं म्हणाले. चाक हललंसुद्धा नाही.

मग काय झालं ते अप्पांना नीट सांगता येत नाही. त्यांना पहाटेची ती भिंत आठवली, भिंतीपलीकडचा डिझेलचा वास आठवला, आणि छातीच्या तळातून, इतकी वर्षं 'आपण लेखी द्यावं'च्या खाली दाबून ठेवलेला कुणाचा तरी आवाज वर आला. तो त्यांचा नव्हताच.

"ऊठ गं सटवे! तुझं मढं बशिवलं! बाया डोस्क्यावर दळणं घिऊन हुब्या हायत, आन तुला झोपा येत्यात व्हय गं भवाने? ऊऽऽठ!"

आणि हात फिरला. खांद्यातून नव्हे, कुठून फिरला देव जाणे. एक वेढा, दोन वेढे, विजयसिंहांनी दाब धरायची वरची खिट्टी पाडली, आणि धुराड्यातून काळ्या धुराचा गोळा उसळून गोडाऊनच्या आढ्याला लागला. पुक्. मग मोठा श्वास घेतल्यासारखी शांतता. मग पुक्. पुक्. पुक्-पुक्-पुक्. चाकांना वेग आला, पट्टा सळसळू लागला, खालची जमीन थरथरली, पाहुण्यांच्या टेबलावरचे पेले किणकिणले. विजयसिंहांचं म्हणणं असं की रागाच्या भरात हाताला वेग आला, बाकी काही नाही. तशी इंग्रजी पुस्तकात आकृतीही आहे. चतुराबाईंनी ती आकृती बघितलेली नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अप्पा धापा टाकत वळले. पण आई अजून बसली नव्हती.

"चालू झाली, आये!"

"चालू झाली. पर हाळी कुठं हाय?" चतुराबाई पुढं आल्या. पिशवीतून गाठोडं काढलं, सोडलं. आत पितळी वाटी होती, साखळीसकट, काठ ठोके खाऊन पाकळ्यांसारखे झालेले. गिरणी बंद पडली त्या दिवशी त्यांनी ती काढून घेतली होती आणि चिंच लावून लखलखीत ठेवली होती. संभाजी शिडीवर चढला आणि त्यानं वाटी धुराड्यावर अडकवली.

पुक्-टण्ण. पुक्-टण्ण. पुक्-टण्ण.

मोहनरावांनीसुद्धा सल्ला दिला नाही. तो आवाज पत्र्याबाहेर पडला, रस्ता ओलांडला, उसाच्या फडांवरून, कालव्यावरून लांब लांब जात राहिला. चतुराबाई डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांची मान ठेक्यावर हलत होती. अप्पांना वाटलं, आता तात्या धोतराला हात पुसत चक्कीमागून येतील आणि म्हणतील, कुणाचा नंबर हाय?

आले ते तात्या नव्हेत.

पाहुणे फीत कापायला उठले आणि कात्री हातात घेऊन तसेच थांबले. गोडाऊनच्या दारात एक बाई उभी होती. पन्नाशीची, नऊवारी लुगडं, कपाळावर घाम, डोक्यावर पत्र्याचा डबा. तिच्यामागं आणखी एक, तिच्याही डोक्यावर टोपली. त्यांच्यामागं कालव्याच्या वाटेनं, उसातून, वस्तीकडून, डोक्यावर ओझी घेऊन बायका येतच होत्या. ऊन इतकं होतं की त्या हवेत तरंगल्यासारख्या दिसत होत्या. अप्पांच्या अंगावर सरसरून काटा आला. आत्ताच, या तोंडानं त्यांनी म्हटलं होतं, बाया डोस्क्यावर दळणं घिऊन हुब्या हायत.

"गिरणी चालू झाली ना?" पहिल्या बाईनं विचारलं. "सकाळधरनं लाईट न्हाय. घरात पीठ न्हाय. दारात बसले व्हते, आन एकाएकी..." ती थांबली. धुराड्यावरच्या वाटीकडं बघत राहिली. "ही माझ्या म्हायेरची हाळी हाय. निमगावची. मी हितं पल्याडच्या वस्तीवर दिल्याली. म्हनलं, उन्हानं भरमिष्ट झाले का काय मी."

चतुराबाई दोन पावलं पुढं गेल्या. बारीक डोळे करून पाहिलं. "सारजा का गं तू?"

"आवो, चतुरामावशी!" सारजानं डोक्यावरचा डबा सावरत एक हात चतुराबाईंच्या गालावरून फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग मागच्या रांगेकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "पयला नंबर माझा! तवाबी माझाच व्हता!"

विजयसिंह धावत पुढं आले. "बाई, हे संग्रहालय आहे. इथं वस्तूंना हात..." भिंतीवर 'वस्तूंना हात लावू नये' अशी पाटी होतीच. पण तोवर चतुराबाई पदर खोचून चक्कीपाशी पोचल्या होत्या. सारजानं डबा उलटला, जोंधळ्यांची पिवळी धार खाली उतरली, चक्कीनं गुरगुरून घास घेतला, आणि खालच्या तोंडातून पांढरं, ऊन पीठ येऊ लागलं. त्याचा वास गोडाऊनभर पसरला. विजयसिंह त्या पिठाकडं बघतच राहिले. आयुष्यभर यंत्रं पुसली त्या माणसानं. पण यंत्र पोटभर जेवताना त्यानं बहुधा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी हळूच चिमूटभर पीठ घेऊन तळहातावर चोळलं आणि भिंतीवरची पाटी काढून घेतली. पुढं ती पाटी पीठ ओढायला उपयोगी पडली.

प्रमुख पाहुणे कात्री घेऊन पुढं सरकू लागले, तेव्हा रांगेतली एक म्हातारी त्यांना म्हणाली, "ओ सायेब, मधी घुसू नगा. लाइनीत या." आणि पाहुणे, सांगायला हरकत नाही, मुकाट्यानं लाइनीत गेले. फीत संध्याकाळी कापली. तोवर तिच्यावर पिठाचा थर बसला होता.

तेव्हापासून आजतागायत दर शनिवारी बारामतीच्या त्या संग्रहालयात दळण असतं, लाईट असो वा नसो. पाटीवरचं 'कुशल चालक' मात्र कुणी खोडलं नाही. आता गरजही नाही.

त्या संध्याकाळी अप्पा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून परत निघाले. ट्रॉलीत आई, बायको आणि अर्धी गल्ली. कारखान्याचा फाटा आला तेव्हा संभाजीनं हात घट्ट धरून ठेवले. अप्पांचा पांढरा शर्ट पिठानं आणखी पांढरा झाला होता, हात मात्र कोपरापर्यंत काळे. ज्योत्स्नाबाईंनी रुमाल पुढं केला. अप्पांनी घेतला नाही. मावळतीच्या उजेडात ते हात उलटेपालटे करून बघत होते, दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे.

"आये," ते मागं वळून म्हणाले, "ऐकू आलं ना नीट?"

"आलं," चतुराबाई म्हणाल्या. पदरानं त्यांनी मांडीवरचं पीठ झटकलं. मग म्हणाल्या, "शिवी बरी दिलीस. पर तुझ्या बापावानी न्हाय. वाईच मऊ हाय अजून."

"होय," अप्पा म्हणाले. "सराव नाही, आये."